सात सेकंदांचा जिल्हा

मृग कोरडा गेला, आर्द्राही अर्ध्या संपल्या, आणि परवा पेपरात पुन्हा नवा जिल्हा आला. आमच्याकडे दुष्काळ आणि नवा जिल्हा हे दोघे जोडीनंच येतात. पाऊस रुसला की जिल्ह्याला पालवी फुटते. प्यायला पाणी नाही अशी ओरड झाली, की कुणीतरी तालुक्याच्या चौकात मंडप टाकून जिल्हा मागायला बसतो; जसा काही कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांखालीच झरा आहे. कोणतं गाव जिल्हा होणार ते मी इथं लिहीत नाही. तीन गावांत त्यावरून भांडण आहे आणि तिन्ही गावांत माझे पाहुणे आहेत.

त्याच दिवशी लातूरहून एक खोकं आलं. नांदेडला माझी दोन खोल्यांची चाचणीची जागा आहे. मोटारीवर, दूध डेअरीत, गोदामात बसणारे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड लोक माझ्याकडे आणतात. मी ते तापवते, दमट ठेवते, विजेसाठी तरसवते आणि पास की नापास ते लिहून देते. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. आत एक बोर्ड आणि चिठ्ठी होती : ‘मॅडम, जुनी ओळख आहे. सहीपुरतंच काम आहे.’ खाली चेअरमनसाहेबांची लांबलचक सही.

चेअरमनसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. कधीकाळी ते एका दूध सोसायटीचे चेअरमन होते. म्हशी गेल्या, दूध गेलं, सोसायटी बुडाली, पद तेवढं तरंगत राहिलं. आमच्या भागात एकदा चेअरमन झालेला माणूस सरणावरही चेअरमनच असतो. इलेक्ट्रॉनिक्समधलं त्यांना एवढंच कळे की लाल दिवा वाईट आणि हिरवा चांगला. हिरवा दिवा महाग पडत नाही हे कळल्यावर ते म्हणाले होते, ‘‘मग सगळेच हिरवे लावा की.’’ पहिली तीन वर्षं मी या माणसाची नोकरी केली. त्यातला शेवटचा उन्हाळा मी विसरले असं मला वाटत होतं. ते खोकं टेबलावर आलं आणि कळलं की काहीही विसरलेलं नाही.

तो उन्हाळा म्हणजे लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. साऱ्या देशानं ते पाणी टीव्हीवर पाहिलं. आमच्या गल्लीनंही टीव्हीवरच पाहिलं. मी एक खोली करून राहत होते. घरमालकीणबाईंनी पाण्याच्या बॅरलला कुलूप लावलं होतं आणि किल्ली मंगळसूत्राशेजारी अडकवली होती. परातीत उभं राहून अंघोळ करायची, परातीतलं पाणी फरशीला, फरशीचं पिळून संडासाला. ताटं राखेनं घासून फडक्यानं पुसायची. दारात पाहुणा आला की लोक आधी त्याच्या हातात बाटली आहे का ते बघत आणि मग तोंडावर हसू आणत. उन्हात कपड्यांना, केसांना, माणसांनाही एक कोरडा आंबूस वास यायचा, आणि सगळ्यांनाच येत असल्यामुळे कुणी कुणाला काही म्हणत नसे.

आमचं काम एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये चाले. सकाळी अकराला पत्रा तडतडायला लागला की समजायचं, आता सोल्डरिंगची तार हातातच मऊ होणार. आम्ही बनवत होतो गावच्या बोअरवर बसणारी एक पेटी. दुष्काळात बोअर सलग पाणी देत नाही, गुळण्या टाकते. दहा मिनिटं पाणी, मग नुसती हवा. हवेवर मोटार चालली की जळते. आमची पेटी पाणी संपलं की मोटार थांबवायची, बोअरला दम खाऊ द्यायची, खाली पाणी साचलं की पुन्हा चालू करायची. निलंग्याच्या बाजूच्या चाळीसेक गावांत ती बसवली होती. त्या गावांना जे काही चार घागरी पाणी मिळे ते या पेटीच्या जिवावर. चेअरमनसाहेबांच्या हातून झालेलं हे एकच चांगलं काम, आणि तेही त्यांनी दुसऱ्याच्या हातून केलं होतं.

या पेटीच्या पोटात मी लिहिलेला बूटलोडर होता. ज्याला याचं काही माहीत नाही त्याला सांगायचं तर, पेटीला लाईट मिळाली की सगळ्यांच्या आधी जागा होणारा हा एक छोटासा प्रोग्राम. तो उठून इकडेतिकडे बघतो. मोटार चालवणारा मोठा प्रोग्राम जागेवर आहे का, धडधाकट आहे का, हे तपासतो, कारभार त्याच्या हाती देतो आणि गप्प होतो. मोठा प्रोग्राम बिघडला तर नवा आत घेण्याचं कामही याचंच. पण हाच बिघडला तर त्याला उठवायला कोणी नाही. मग गावात जाऊन, पेटी उघडून, तार लावून, सगळं पहिल्यापासून भरावं लागतं. तोवर पेटी म्हणजे पत्र्याचा डबा. म्हणून शहाणा माणूस बूटलोडर एकदाच लिहितो, नीट लिहितो, आणि पुन्हा त्याला हात लावत नाही.

चेअरमनसाहेब शहाणे नव्हते. त्यांना महाराष्ट्र दिनाला नवा जिल्हा जाहीर होणार अशी आतली बातमी लागली होती. आमच्याकडे आतली बातमी नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. बाहेरची बातमी मात्र कुणाकडेच नसते. पेटीवर एक बोटभर पडदा होता. लाईट आली की त्यावर गाव, तालुका, जिल्हा झळकायचा. हा मजकूर त्यांनीच माझ्याकडून बूटलोडरमध्ये घालून घेतला होता, कारण मोठा प्रोग्राम उठायला दोन-तीन सेकंद घ्यायचा. ‘‘बटण दाबलं की जिल्हा दिसला पाहिजे मॅडम,’’ ते म्हणाले होते, ‘‘मंत्र्याला तीन सेकंद ताटकळत ठिवायचं का?’’ मी तेव्हा ‘बरं’ म्हटलं होतं. माझी पहिली चूक ती.

आता त्यांना चाळीसही गावांत नव्या जिल्ह्याचं नाव हवं होतं. महाराष्ट्र दिनाला, झेंडावंदनाच्या आधी, एकदम. म्हणजे बूटलोडरच बदलायचा, तोही लातूरला बसून, पेटीतल्या सिमकार्डावरून. जुना पुसून नवा लिहायला सात सेकंद लागत. त्या सात सेकंदांत लाईट दगा देऊन गेली तर पेटी अर्धी जुनी अर्धी नवी, म्हणजे मेलेली. जिल्हा अजून कागदावरही नव्हता आणि आम्ही त्याची पाटी रंगवत होतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. लातूरच्या तुरीच्या बाजाराला एवढी शोभणारी म्हण दुसरी नाही.

अगदीच उघडी सोडली नव्हती मी पेटी. आत एक छोटा साठा ठेवला होता, घरात बॅरल भरून ठेवतो तसा. लाईट गेली की पेटीनं ते ओळखायचं, बाकीचं सगळं बंद करायचं आणि त्या साठ्यावर सात सेकंद काढायचे. चाचणीचा तक्ता पुण्याच्या एका सल्लागारानं पाठवला होता. गृहस्थ एकदाच येऊन गेले होते, तोंडाला रुमाल लावून, बाटलीबंद पाण्यानं हात धूत. तक्त्यात लिहिलं होतं : ‘वीजपुरवठा खंडित करा. पुन्हा सुरू करा. निकाल नोंदवा.’ मी प्लग पन्नास वेळा उपटला. पन्नास वेळा पेटी सुखरूप उठली. तक्त्यात पन्नास बरोबरच्या खुणा केल्या आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्या खुणा बघून गफूरभाई हसले. गफूरभाई देगलूरचे, उभा जन्म जळक्या मोटारींचं वायंडिंग भरण्यात गेलेला, तांब्याच्या तारेनं बोटांची टोकं काळी पडलेली. आमच्याकडे ते पेट्या गावोगावी बसवायचे. शाळा चौथीपर्यंत, पण मोटारीच्या आवाजावरून गावची लाईट किती व्होल्टावर आहे ते सांगत.

‘‘बेटा, ये तुमची शेडची लाईट शरीफ हाय,’’ ते म्हणाले. ‘‘बटण दाबलं की गेली, सलाम करून गेली. गावात लाईट जात न्हाई.’’

‘‘मग काय होतं?’’

‘‘मरती. लाईट मरती. अन् मरणाऱ्याला टाईम लागतो.’’

ते उठून शेजारच्या ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथला वेल्डर आमच्याच विजेच्या तारेवर होता. गफूरभाईंनी त्याला काय सांगितलं ठाऊक नाही, पण त्यानं वेल्डिंग सुरू केलं आणि आमच्या शेडमधले बल्ब तांबडे झाले. पंखा रेंगाळला. बल्ब थोडे उजळले, पुन्हा तांबडे झाले. मी बूटलोडर बदलायची आज्ञा दिली. पहिल्या खेपेला जमलं. दुसऱ्याही. तिसऱ्या खेपेला पडद्यावर नव्या जिल्ह्याचं नाव झळकलं आणि तिथंच थांबलं. पुढं काही नाही. मी प्लग काढला, घातला. जिल्हा. पुन्हा काढला, घातला. जिल्हा.

‘‘मय्यत,’’ गफूरभाई म्हणाले आणि त्यांनी बिडी काढली.

झालं होतं ते साधंच. मेलेली लाईट पेटीला ओळखता येत होती. मरत असलेली ओळखता येत नव्हती. ती थरथरत असताना पेटीला वाटे, आहे की अजून, आणि ती बिनघोर लिहीत राही. तोवर साठ्याचं बॅरल गळून गेलेलं असे. लाईट शेवटी गेली की हाताशी सात सेकंदही उरलेले नसत. शिवाय सकाळी गावात थ्री फेज आली की अख्खा तालुका एकदम मोटारी लावतो. त्या वेळची लाईट म्हणजे सगळ्यात वाईट. चेअरमनसाहेबांना नेमकी ती वेळ हवी होती. पुण्याच्या सल्लागाराला वाटत होतं, वीज नळासारखी असते, सोडली की आली, बंद केली की गेली. नळही आमच्याकडे तसा नसतो हे त्याला कोण सांगणार.

मेलेला बोर्ड हातात घेऊन मी ऑफिसात गेले. गेल्या गेल्या दारातूनच ‘हे पाठवता येणार नाही’ असं म्हणायचं, हे मी जिना चढताना दोनदा घोकलं होतं.

आत मैफल जमली होती. जिल्हा निर्मिती समितीचे चारपाच लोक होते. कडक इस्त्री, पांढरे बूट, सगळा उन्हाळा कुठल्या पाण्यानं कपडे धूत होते कोण जाणे. एक सरकारी साहेब होते, ते दर दोन मिनिटांनी ‘वरून आदेश आला की’ असं म्हणत. टेबलावर पेढे होते. जिल्हा व्हायचा होता, पेढे झाले होते.

‘‘या, या. ह्या आमच्या मॅडम,’’ चेअरमनसाहेब म्हणाले. ‘‘ह्यांनीच त्यो बूटलोडर बनवलाय.’’

साहेबांनी विचारलं, ‘‘बूटलोडर म्हणजे काय असतं नेमकं?’’

चेअरमनसाहेब खुर्चीत सरसावले. ‘‘सोप्पं हाय साहेब. गावचा येसकर. सगळ्यांच्या आधी उठायचं, वेशीत उभं राहायचं, कोण आलं, कोण गेलं बगायचं. मालक उठला की जोहार करायचा अन् बाजूला व्हायचं. काम सगळं त्येचं, पण माजघरात यायचं न्हाई.’’

सगळे खदाखदा हसले. एक जण तर पेढा हातात धरून हसत होता. उपमा चपखल होती, हे मला आजही कबूल करावं लागतं. पुस्तकातून शिकलेल्या कुणाला ती सुचली नसती. येसकर म्हणजे वेशीवर राखण करणारा गावाचा माणूस. आमच्या महारांच्या घरांत पाळीपाळीनं येणारं ते काम. हातात घुंगराची काठी, आणि मोबदला म्हणून दारोदार मागून आणायची शिळी भाकर. माझे आजोबा, दीक्षा घेण्याआधी, येसकर होते. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. त्यावरून कुणाला काही कळत नसे, आणि मीही कळू देत नसे.

आणि मी हसले. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. चेअरमनसाहेबांचा, त्या पांढऱ्या बुटांचा, पेढ्यांचा मला तिटकारा आहे, पण त्या खोलीत मला सगळ्यात जास्त किळस येते ती माझ्या हसण्याची. जरासं नव्हे, दात दिसतील इतकं हसले. कारण मी हसले नसते तर ते सगळे माझ्याकडे वळून बघते आणि ‘का हसली नाही?’ हे कुणाच्या तरी डोक्यात येतं. तेवढं न येण्यासाठी मी माझ्या आजोबांना त्या टेबलावर सोडून दिलं.

‘‘त्यो चाचणीचा कागद आणा की,’’ चेअरमनसाहेब म्हणाले. ‘‘साहेबांना दाखवायचाय. सही करून टाका मॅडम.’’

‘‘सर, थरथरत्या लाईटवर अजून...’’

‘‘तक्त्यात हाय का थरथर?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

पन्नास बरोबरच्या खुणांखाली मी सही केली. डाव्या हातात मेलेला बोर्ड होता, तो ओढणीखाली धरला होता. सही एवढी बारीक केली की कुणाला वाचता येऊ नये. अशा माणसाला आमच्याकडे काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे, पण ते छापता येत नाही.

महाराष्ट्र दिनाला सकाळी झेंडावंदनाच्या आधी चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. जिल्हा जाहीर झाला नाही. तो त्या दिवशी झाला नाही, त्या वर्षी झाला नाही, अजून झालेला नाही. समितीनं पांढरे बूट घालून निषेध केला आणि रसवंतीवर जाऊन रस प्यायला. दुपारपर्यंत गावांतून फोन यायला लागले. एकोणीस पेट्या मेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि गफूरभाई निलंग्याच्या एसटीत बसलो. मांडीवर लॅपटॉप, पिशवीत तार आणि पेचकस. गफूरभाई वाटभर काही बोलले नाहीत, ‘मी सांगितलं होतं’ असंही नाही. त्या माणसाविषयी मला जो आदर आहे तो मुख्यतः त्या न बोललेल्या वाक्यासाठी. खिडकीबाहेर रान भाजून पडलं होतं. निलंग्यातून जीप केली. पहिलं गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून, माझ्या आत्याचं. तिथूनच सुरुवात करायची असं मी ठरवलं नव्हतं. जीप आधी तिकडं जात होती एवढंच.

बोअरजवळ घागरींची रांग लागली होती, बायका बाभळीखाली बसल्या होत्या. पेटीच्या पडद्यावर नवा जिल्हा झळकत होता, दिमाखात. रांगेजवळच्या एका म्हाताऱ्यानं पेटीकडे बोट दाखवून मला सांगितलं, ‘‘आमच्या गावात जिल्हा आलाय बाई. पाणी तेवढं न्हाई.’’

बायका हसल्या. ते हसणं मात्र मला पटलं. त्या हसण्यात पेढे नव्हते.

रांगेत तिसरी घागर आत्याची होती. सत्तरीला आलेली, पाठीचा कणा अजून ताठ. तिनं मला पाहिलं आणि पेटीला पाहिलं.

‘‘सुजे, ही तुझी पेटी व्हय?’’

‘‘हो.’’

‘‘मग मेली कामून?’’

‘‘मी सही केली, आत्या. मेलेली दिसत असून सही केली.’’

‘‘लई शिकलीस माय,’’ ती म्हणाली.

कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी पेटी उघडून तार लावली आणि काम करता करता, खाली बघत, तिला ऑफिसातलं सगळं सांगून टाकलं. येसकराची उपमा सांगितली. कोण कसं हसलं ते सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘अन् तू?’’ मी म्हटलं, ‘‘मीबी हसले.’’ लॅपटॉपवर हिरवी पट्टी हळूहळू भरत होती. 

‘‘तुझ्या आज्यानं काठी टाकली तवा मी आठ-नव वर्साची होते,’’ आत्या म्हणाली, जसं काही कालच्या बाजारातलं सांगतेय. ‘‘गाव गोळा झालं. पाटील म्हनला, आता वेशीवर कोण बसंल? आजा म्हनला, वेस तुमची हाय, तुम्हीच बसा. काठी आणून चुलीत घातली. माझ्या मायनं त्येच्यावर भाकरी केल्या.’’

‘‘आणि घुंगरं?’’

‘‘घुंगरं बकरीच्या गळ्यात बांधली. लई दिस वाजायची. पाटलाच्या दारावरनं गेली की आणखीन वाजायची.’’

पट्टी भरली. पेटीनं डोळे उघडले, गाव, तालुका आणि जुनाच जिल्हा दाखवला, बोअरची विचारपूस केली आणि मोटार सुरू झाली. पाणी आलं ते गढूळ, ढेकर देत. बायका उठल्या. आत्यानं तिची घागर भरून घेतली आणि माझ्या हातात दिली. मी ती तिच्या घरापर्यंत नेली. वाटेत थोडं पाणी सांडलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘नीट धर.’’

एकोणीस गावांना आम्हाला आठ दिवस लागले. शेवटच्या दोन गावांत लोकांनी पेटी वगळून मोटारी थेट लाईटला जोडल्या होत्या आणि त्या हवेवर चालून जळून गेल्या होत्या, तिथं आमची तार काय कामाची? त्या गावांनी मग टँकरची वाट बघितली. लातूरला परतले तर चेअरमनसाहेब सगळ्यांना सांगत होते, ‘‘मॅडमच्या सहीनं गेलंय ते. आमचा त्यात काय संबंध?’’ बारीक केली तरी सही ती सहीच. मी नोकरी सोडली की त्यांनी सोडवली, याबद्दल आम्हा दोघांचं एकमत नाही. येताना तो पहिला मेलेला बोर्ड तेवढा बरोबर आणला. तो अजून माझ्याकडे आहे. कधीमधी लाईट देते त्याला. न झालेल्या जिल्ह्याचं नाव दाखवतो आणि तिथंच थांबतो, आमच्या पुढाऱ्यांसारखा.

नांदेडला ही जागा बघायला आले तेव्हा घरमालक सांगत होते, शेजार शांत नाही, भिंतीपलीकडे वेल्डिंगचं दुकान आहे, लाईट सारखी खालवर होते, भाडं कमी करू. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. गफूरभाईंना फोन करून सांगितलं तर ते खूश झाले. ते आता देगलूरला लेकाकडे असतात, ऐकायला कमी येतं, तरी अजून विचारतात, ‘‘लाईट मरती ना बराबर?’’ माझ्याकडचा प्रत्येक बोर्ड आधी त्या तारेवर बसतो. पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात, मॅडम, ही चाचणी कुठल्या मानकात आहे? मी म्हणते, निलंगा तालुक्यात.

खोकं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांचा फोन आला. आवाज तसाच, तुपात तळलेला.

‘‘मॅडम, ह्या खेपेला जिल्हा नक्की होऊन राहिलाय. वरून समजलं. पेट्या नव्या हायत, सरकारी कचेरीची मागणी हाय, लई गावांत बसवायच्यात. पाऊस तर काय न्हाईच.’’

‘‘जिल्ह्याचं नाव कुठं घातलंय?’’ मी विचारलं. ‘‘बूटलोडरमध्ये?’’

‘‘हाव. तुम्हीच तर बसवून दिलं होतं तसं. आपला येसकर हाय की.’’ ते स्वतःच हसले. ‘‘ध्यानात हाय ना?’’

‘‘ध्यानात आहे. माझे आजोबा येसकर होते, चेअरमनसाहेब.’’

 मला वाटलं, आता हा माणूस ओशाळेल. माणसाविषयी एवढी आशा धरायची खोड माझी अजून गेलेली नाही.

‘‘अरे वा,’’ ते म्हणाले. ‘‘मग तर घरचंच काम झालं की.’’

मी हसले नाही. त्यामुळे त्यांनाच अडखळल्यासारखं झालं. ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले. मग मी म्हटलं, ‘‘चाचणी करून कागद पाठवते,’’ आणि फोन ठेवला.

सकाळी दहाला भिंतीपलीकडचं वेल्डिंग सुरू झालं. दिवे तांबडे झाले, उजळले, पुन्हा तांबडे झाले. मी नवा बोर्ड तारेवर लावला. खरं सांगायचं तर तो पास व्हावा असं मला वाटत होतं. आत्या आता नाही, पण तिच्या गावात लेकीसुना घागरी घेऊन बसतातच, आणि या वर्षीही आभाळ रिकामं आहे. पहिल्या खेपेला बोर्ड उठला. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेलाही उठला. चौथ्या खेपेला पडद्यावर नव्या जिल्ह्याचं नाव आलं आणि तिथंच थांबलं. इतक्या वर्षांत या माणसानं माझ्या चुकीत एका अक्षराची भर घातली नव्हती की वजाबाकी केली नव्हती. मी प्लग काढला, घातला. जिल्हा.

मग कागद घेतला. बोर्ड कुठं मेला, किती सेकंदांनी मेला, साठा किती वाढवायला हवा, लाईट थरथरताना ती कशी ओळखायची, हे सगळं साध्या मराठीत लिहिलं. गफूरभाईंना वाचून दाखवलं तरी कळेल असं. नावाचा मजकूर बूटलोडरमधून काढून टाका, जिल्हा तीन सेकंद थांबू शकतो, हेही लिहिलं. निकालाच्या चौकटीत ‘नापास. गावात बसवू नये’ असं लिहिलं आणि त्याची एक प्रत ज्या कचेरीतून पेट्यांची मागणी निघाली होती तिकडेही टाकली.

चेअरमनसाहेबांना सही हवी होती. केली. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.